उवांचे निर्मूलन : हिशेब २१ दिवसांचा

निवासी शाळेच्या इतिहासात इमारती, निकाल, पारितोषिके आणि देणगीदार यांची नोंद आवर्जून होते. मुलींच्या वसतिगृहात दरवर्षी नव्याने उभ्या राहणाऱ्या एका लहानशा प्रश्नाची नोंद मात्र कोठेही होत नाही. तो प्रश्न म्हणजे डोक्यातील उवा. 'कितीही उपाय केले तरी उवा जात नाहीत', ही गृहमातांची आणि पालकांची नेहमीची तक्रार असते. उवा जातात, परंतु त्यांना जाण्यासाठी ठरावीक काळ द्यावा लागतो, आणि तो काळ साधारण तीन आठवड्यांचा आहे. हा काळ कोठून येतो, तो पाळला नाही तर काय होते आणि वसतिगृहात तो कसा पाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उवेचे आयुष्य

उपायांची मुदत उवेच्या जीवनक्रमावरून ठरते. पूर्ण वाढलेली मादी दिवसाला सुमारे आठपर्यंत अंडी घालते. हीच लीख होय. लीख केसाच्या मुळाशी, टाळूच्या उबेत, एका चिवट द्रव्याने चिकटवलेली असते. म्हणूनच कोंडा झटकता येतो, लीख मात्र बोटाने ओढल्याखेरीज हलत नाही. साधारणतः सहा ते नऊ दिवसांत लीख फुटून पिल्लू बाहेर येते. हे पिल्लू तीन वेळा कात टाकते आणि नऊ ते बारा दिवसांत वाढून अंडी घालण्यास समर्थ होते. मोठी ऊ डोक्यावर सुमारे महिनाभर जगते. दिवसातून अनेकदा टाळूचे रक्त शोषणे हेच तिचे अन्न. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपासमारीने मरते.

उवेला पंख नाहीत आणि तिला उडीही मारता येत नाही. ती केवळ चालते. त्यामुळे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाण्यासाठी तिला केसाला केस लागावा लागतो. वसतिगृहात एकाच वाकळेत दोघींनी झोपणे, डोक्याला डोके लावून एका पुस्तकातून अभ्यास करणे, एकमेकींच्या वेण्या घालणे हे नित्याचेच असते. मैत्रीच्या याच वाटेने ऊ प्रवास करते. फणी, टॉवेल, रिबन यांच्यामार्फतही ती पसरू शकते, पण तो मार्ग तुलनेने गौण आहे.

औषध एकदा लावून का भागत नाही?

उवांवरील बहुतेक औषधे चालत्याफिरत्या उवा मारतात, लिखेच्या आत वाढणाऱ्या जीवापर्यंत ती नीट पोहोचत नाहीत. सर्वाधिक वापरले जाणारे एक टक्का परमेथ्रिनही असेच आहे. पहिल्या दिवशी ते लावले की मोठ्या उवा आणि पिल्ले मरतात, खाज कमी होते आणि घरचे लोक निश्चिंत होतात. दरम्यान उरलेल्या लिखा रोज थोड्या थोड्या फुटत राहतात. पंधरवड्यानंतर पुन्हा ऊ दिसते, तेव्हा 'औषध बनावट होते' किंवा 'मुलगी कुणाकडून तरी घेऊन आली' असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः अनेकदा ती ऊ त्याच डोक्यावरील जुन्या लिखेतून जन्मलेली असते.

म्हणून दुसरी मात्रा नवव्या दिवसाच्या सुमारास द्यावयाची असते. त्या दिवसापर्यंत जवळजवळ सर्व जिवंत लिखा फुटलेल्या असतात, आणि सर्वांत आधी फुटलेले पिल्लूही अद्याप अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसते. हीच ती नेमकी संधी. दुसरी मात्रा फार लवकर दिली तर काही लिखा फुटायच्या राहतात आणि फार उशिरा दिली तर पिल्ले मोठी होऊन नवी अंडी घालतात. एखादे उशिरा फुटलेले पिल्लू दुसऱ्या मात्रेतून सुटले, तरी पुढील विंचरण्यांत ते सापडते.

औषध कसे लावावे, यालाही महत्त्व आहे. केस साध्या शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपून घ्यावेत, औषध मुळापासून टोकापर्यंत लावावे, दहा मिनिटे ठेवून धुवावे आणि त्यानंतर एक-दोन दिवस डोक्यावरून न्हाऊ नये. औषध डोळ्यांत जाऊ देऊ नये. आठ ते बारा तासांनंतरही उवा पूर्वीइतक्याच चपळ दिसल्या, तर तेच औषध पुनःपुन्हा लावण्यात अर्थ नसतो. जगाच्या अनेक भागांत उवांनी परमेथ्रिनला दाद न देण्याची क्षमता मिळवली आहे. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून दुसरे औषध घ्यावे. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार द्याव्या लागतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज देऊ नयेत.

फणीचे सामर्थ्य

औषधे नव्हती तेव्हाही फणी होती. इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती फणीवर, केसांतील आणि दाढीतील उवा या फणीने निघून जाव्यात, अशा आशयाचे वाक्य कोरलेले आहे. ते अक्षरलेखन २०२२ मध्ये वाचले गेले. सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची ही फणी म्हणजे वर्णमालेत लिहिलेल्या सर्वांत जुन्या पूर्ण वाक्याची वाहक मानली जाते. आपल्या घरातील दोन्ही बाजूंना बारीक दात असलेली लाकडी फणी तिच्याच कुळातील होय.

फणी रासायनिक नसल्याने उवा तिला सरावत नाहीत. ओल्या किंवा तेल लावलेल्या केसांत ऊ मंदावते आणि फणीच्या दातांत सापडते. आधी साध्या कंगव्याने गुंता काढावा, केसांचे भाग पाडावेत, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या कापडावर पुसून पाहावी. कानामागचा आणि मानेवरचा भाग विशेष काळजीने पाहावा, कारण लिखा तेथेच अधिक असतात. केवळ विंचरूनही उवा घालवता येतात, मात्र पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा हे दिवस चुकता कामा नयेत. सतराव्या दिवशी तपासणी करावी.

आपल्या जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न आहेच. बालाघाटच्या पठारावर उन्हाळ्यात वसतिगृहांना टँकरची वाट पाहावी लागते आणि प्रत्येकीला न्हाण्यासाठी पुरेसे पाणी मिळतेच असे नाही. तेल लावून विंचरण्याची पद्धत येथे उपयोगी पडते, कारण विंचरण्याच्या दिवशीच न्हाण्याची सक्ती राहत नाही. पाणी कमी आहे म्हणून उवांचा उपाय पुढे ढकलण्याचे कारण नाही.

वसतिगृहाचे वेळापत्रक

एका डोक्याचा हिशेब समजला तरी वसतिगृहाचा हिशेब वेगळा राहतो. चाळीस मुलींच्या खोलीत दहा जणींवर या आठवड्यात आणि दहा जणींवर पुढच्या आठवड्यात उपाय केले, तर ऊ तेवढ्या काळात आरामात घर बदलते. सर्वांची तपासणी एकाच दिवशी झाली पाहिजे, आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ आढळेल त्या सर्वांवर उपायही एकाच दिवशी सुरू झाला पाहिजे.

लांब केस नीट विंचरण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. एकट्या गृहमातेने चाळीस डोकी विंचरायची म्हटले तर तेरा तासांहून अधिक वेळ जाईल. मुलींच्या वीस जोड्या करून त्यांनी एकमेकींचे केस विंचरले, तर तेच काम चाळीस मिनिटांत होते. पहिला दिवस रविवार धरल्यास वेळापत्रक असे राहील :

दिवस १, रविवार : सर्वांची तपासणी, औषधाची पहिली मात्रा, विंचरणे.
दिवस ५, गुरुवार : विंचरणे.
दिवस ९, सोमवार : दुसरी मात्रा, विंचरणे.
दिवस १३, शुक्रवार : विंचरणे.
दिवस १७, मंगळवार : विंचरणे व तपासणी.
दिवस २१, शनिवार : अंतिम तपासणी.

एकविसाव्या दिवशी एकही जिवंत ऊ आढळली नाही, तर काम झाले असे समजावे. मृत लिखा आणि रिकामी टरफले केसांना चिकटून राहतात, त्यांची धास्ती घेऊ नये. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून टाळूपासून दूर गेलेली लीख बहुतेकदा जुनी आणि निर्जीव असते. तसेच खाज ही उवेच्या लाळेवरील शरीराची प्रतिक्रिया असल्याने उवा मेल्यानंतरही ती काही दिवस राहू शकते. उलटपक्षी, पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलीला चार-सहा आठवडे खाज जाणवतही नाही. म्हणून 'मला खाजत नाही' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

अंथरुणाचा बाऊ करू नये. मागील दोन दिवसांत वापरलेल्या चादरी, उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुवावेत. फण्या आणि कंगवे कढत पाण्यात दहा मिनिटे बुडवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवावे. खोलीत कीटकनाशक फवारण्याची मुळीच गरज नाही.

काय करू नये

रॉकेल डोक्याला लावण्याची प्रथा अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. त्याने कातडी पोळते आणि चुलीजवळ पेट घेण्याचा धोका असतो. पिकांवरची किंवा जनावरांच्या गोचिडांची औषधे टाळूतून, विशेषतः खाजवून झालेल्या जखमांतून, शरीरात शिरतात आणि जीवघेणी ठरू शकतात. एकेकाळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिंडेन या विषारी द्रव्याचा समावेश २००९ मध्ये स्टॉकहोम करारातील घातक रसायनांत झाला.

आपल्या डोंगरपट्ट्यात सीताफळ भरपूर. त्याच्या बिया वाटून केसांना लावण्याचा उपाय आजीपासून नातीपर्यंत चालत आला आहे. या बियांत कीटकांना मारणारे द्रव्य खरोखरच असते. परंतु हीच भुकटी डोळ्यांत गेली तर बुबुळावरील पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होते. भारतातील नेत्ररोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद केली आहे. न्हाताना पाणी डोळ्यांवरूनच ओघळते, म्हणून हा उपाय टाळणेच इष्ट.

केसांचा आणि सन्मानाचा प्रश्न

सोपा म्हणून सुचवला जाणारा आणखी एक उपाय म्हणजे मुलींचे केस कापणे किंवा डोके चकोट करणे. याने उवा जातात हे खरे, पण त्याची किंमत मुलगी मोजते. महाराष्ट्रात सक्तीच्या केशवपनाचा इतिहास आहे, आणि त्याविरुद्ध सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या नाभिकांना संघटित केल्याचाही इतिहास आहे. फणी आणि तीन आठवड्यांची शिस्त उपलब्ध असताना, मुलीच्या इच्छेविरुद्ध तिच्या केसांना कात्री लावण्याचे समर्थन करता येत नाही.

उवा म्हणजे अस्वच्छता, हा समजही सोडून द्यावा लागेल. ऊ स्वच्छ केसांतही तितक्याच सुखाने राहते. डोक्यातील ऊ रोग पसरवीत नाही. १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी ज्या उवेमुळे प्रलापक ज्वर पसरतो असे दाखवून दिले आणि ज्यासाठी त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ती कपड्यांत राहणारी अंगावरची ऊ होय. डोक्यातील उवांमुळे झोपमोड होते आणि खाजवून झालेल्या जखमांत पू होऊ शकतो. हा त्रास खरा आहे, पण तो शाळेबाहेर काढण्याचे कारण नाही.

आपल्या भागात याला अधिक अर्थ आहे. दिवाळीच्या आगेमागे अनेक पालक कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. 'उवा गेल्या की परत पाठवा' असे सांगून घरी धाडलेल्या मुलीच्या घराला कुलूप असते. ती मग फडावर जाते, आणि तेथून शाळेत परत येईलच याची खात्री कुणी द्यावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये शेजारच्या सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले, ते मुलांना शिक्षणात टिकवून धरण्यासाठी. वसतिगृहाचा हा मूळ हेतू एका क्षुद्र कीटकासाठी बाजूला ठेवणे योग्य नव्हे. उपाय सुरू झाला की मुलगी त्याच दिवशी वर्गात बसू शकते.

पालकांनी एवढे करावे, की जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीला वसतिगृहात सोडण्यापूर्वी तिचे केस पांढऱ्या कापडावर विंचरून पाहावेत, आणि ऊ आढळल्यास ते न लपवता गृहमातेला सांगावे. शाळेने या दोन्ही वेळी सर्वांची तपासणी ठेवावी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा त्यांचाही सल्ला घ्यावा. माजी विद्यार्थ्यांनी मदत करावयाची तर प्रत्येक मुलीला स्वतःची एक चांगली फणी देता येईल. खर्च थोडा आहे. बाकी लागतात ते सहा दिवस, दर खेपेला चाळीस मिनिटे, आणि एकविसाव्या दिवसापर्यंत न सुटणारी चिकाटी.