आपल्या गांवचा संघ : आयर्लंडांतील फुटबॉल आणि त्याचे पाठीराखे

आयर्लंडचें नांव निघालें कीं जुन्या वळणाच्या सुशिक्षित मराठी माणसाला पार्नेल आठवतो, डी व्हॅलेरा आठवतो, आणि ज्या होमरूल लीगसाठीं लोकमान्यांनीं १९१६ सालापासून गांवोगांव व्याख्यानें दिलीं तिचें नांवच मुळीं आयर्लंडांतून आलें होतें, हेंही आठवतें. साहित्याचा व्यासंग असलेल्यांना यीट्स आणि शॉ आठवतील. त्या देशांतील माणसें शुक्रवारीं संध्याकाळीं काय करतात, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. बहुतेक आपापल्या घरीं असतात. पण फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत कांहीं हजार माणसें गळ्याभोंवतीं रंगीत मफलर गुंडाळून आपल्या गांवच्या फुटबॉल-संघाचा सामना पाहावयास निघतात. त्यांच्याविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

‘कांहीं हजार’ असें म्हटलें तें मुद्दाम. पिकतें तेथें विकत नाहीं, ही आपली म्हण आयर्लंडच्या फुटबॉलला जशी लागू पडते तशी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. समुद्राची एक अरुंद पट्टी ओलांडली कीं लिव्हरपूल आणि मँचेस्टर. तेथील धनाढ्य संघांचे सामने घरोघर दूरचित्रवाणीवर दिसतात आणि आयरिश लोक पदरचे पैसे खर्चून ते पाहावयास समुद्रापार जातात. लिव्हरपूलच्या गोलरक्षकाचा गुडघा दुखावला तर डब्लिनमध्यें त्याची चर्चा होते. पण आपल्या घरापासून पायीं पंधरा मिनिटांवर एक मैदान आहे आणि तेथें शंभर वर्षांचा जुना संघ खेळतो, याची दखल घेणारे थोडे.

दुसऱ्या बाजूनेंही या थोड्यांना टोचणी होतीच. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तेथील देशी खेळ. त्यांची संस्था १८८४ सालीं निघाली आणि राष्ट्रीय चळवळीशीं तिचें नातें जुळलें. ‘परकी’ खेळ सभासदांनीं खेळूं नयेत, इतकेंच नव्हे तर पाहूंही नयेत, असा या संस्थेचा नियम होता आणि तो १९७१ पर्यंत टिकला. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं त्यांनीं सारें आयुष्य वेंचलें होतें. ते १९३८ सालीं आयर्लंड आणि पोलंड यांचा फुटबॉल-सामना पाहावयास डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर गेले, आणि एवढ्या अपराधासाठीं त्या संस्थेनें त्यांना आपल्या आश्रयदातेपणावरून दूर केलें! स्वदेशीचें व्रत आपल्याही लोकांनीं पाळलें आहे. परंतु स्वभाषेसाठीं झिजलेल्या वृद्धाला सामना पाहिल्याबद्दल बहिष्कार, हें व्रत नव्हे, सोंवळेपणाचा अतिरेक होय, असें आम्हांला वाटतें.

अशा रीतीनें एकीकडे परदेशचें वैभव आणि दुसरीकडे स्वदेशाचा रोष यांच्यामध्यें सांपडूनही जो माणूस आपल्या गांवचा संघ सोडीत नाहीं, त्याचें मन पाहावयाचें असेल तर ता. १ नोव्हेंबर २०२४ ची रात्र पाहावी. वर्षांतील शेवटची फेरी होती. या लीगच्या वरच्या वर्गांत दहा संघ असतात. प्रत्येक संघ छत्तीस सामने खेळतो. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक. पस्तीस सामने संपले तेव्हां डब्लिनच्या शेलबर्न संघाचे ६० गुण होते आणि डब्लिनच्याच शॅमरॉक रोव्हर्सचे ५८. शेलबर्न जिंकलें तर प्रश्न मिटला. त्यांची बरोबरी झाली आणि रोव्हर्स जिंकले, तर गुण सारखे होऊन गोलांच्या हिशेबावर किताब रोव्हर्सच्या पदरांत पडणार. रोव्हर्सचा सामना घरच्या मैदानावर, टॅला येथें, वॉटरफर्डशीं. शेलबर्नला मात्र दूर उत्तरेस डेरी शहरीं जावयाचें होतें.

डेरीचें मैदान हें साधें मैदान नव्हे. हें शहर ब्रिटिश राज्यांत आहे. त्याच्या नांवावरूनसुद्धां तंटा आहे, कोणी डेरी म्हणतो, कोणी लंडनडेरी. बॉगसाइड या दंगलींनीं गाजलेल्या वस्तीला लागून ब्रँडीवेल नांवाचें हें मैदान आहे आणि वरच्या टेकडीवर शहराची दफनभूमि आहे. १९७१ सालीं तेथें एका पाहुण्या संघाची बस पळवून जाळण्यांत आली. त्यानंतर संघाला ‘घरचे’ सामने तीसएक मैलांवर कोलरेन येथें खेळावे लागले. तेथें जाणार कोण? प्रेक्षक आटले, पैसा आटला. पुढें सैन्यानें व पोलिसांनीं मैदानावरील हरकत काढून घेतली, तेव्हां घरीं परतण्याची परवानगी मागितली गेली. उत्तरेच्या लीगमधील इतर संघांनीं ती एका मतानें नाकारली. १९७२ च्या ऑक्टोबरांत डेरी सिटी लीगमधून बाहेर पडलें.

पुढें तेरा वर्षें या शहराला मोठ्या दर्जाचा संघ नव्हता. मैदानावर कुत्र्यांच्या शर्यती होत राहिल्या. क्लब मात्र कागदोपत्रीं जिवंत ठेवला होता, लहान स्थानिक स्पर्धांत तो खेळत होता, आणि अखेर चार जुन्या खेळाडूंनीं मनावर घेऊन सीमेपलीकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या लीगचें दार ठोठावलें. १९८५ सालीं तें उघडलें. एका राज्यांतील संघ दुसऱ्या राज्याच्या लीगमध्यें खेळूं लागला. त्या वस्तींत पोलिसांना पाऊल टाकणें अवघड होतें, म्हणून सामन्यांचा बंदोबस्त क्लबच्याच स्वयंसेवकांनीं अंगावर घेतला. चार वर्षांच्या आंत, १९८९ सालीं, याच संघानें लीग, कप आणि लीग-कप हीं तिन्हीं बक्षिसें एका मोसमांत जिंकलीं. मैदानाला आज रायन मॅकब्राइड या कप्तानाचें नांव आहे. तो त्याच भागांत वाढला, त्याच संघाचा नायक झाला आणि २०१७ सालीं वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं अकस्मात् वारला. डेरीचा पाठीराखा सामन्यास येतो तेव्हां एवढें सारें त्याच्याबरोबर येत असतें. पाहुण्या संघाला किताब सहजासहजीं उचलूं देण्याची त्याची वृत्ति कशी असेल!

आतां शेलबर्नकडे वळूं. संघ १८९५ सालचा. आयर्लंडांतील फुटबॉलची फाळणी झाली तिच्या मुळाशीं जीं कारणें होतीं त्यांत या संघाचें एक भांडण आहे. पूर्वीं साऱ्या बेटाचा कारभार बेलफास्टहून चाले. १९२१ सालीं शेलबर्नचा उत्तरेच्या ग्लेनाव्हन संघाशीं उपांत्य सामना बेलफास्टला झाला आणि बरोबरींत सुटला. दुसरा सामना रीतीप्रमाणें डब्लिनला व्हावयाचा. पण तोही बेलफास्टलाच खेळा, असा हुकूम आला. शेलबर्ननें जाण्यास साफ नकार दिला. त्याच वर्षीं डब्लिनच्या संघांनीं वेगळी चूल मांडली. नव्या लीगमध्यें आठ संघ होते आणि ते सारे डब्लिनचे. पहिला किताब गिनेस मद्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या संघानें पटकावला. जो संघ १९२१ त उत्तरेस जाणार नाहीं म्हणून अडून बसला, त्याचें भाग्य १०३ वर्षांनीं उत्तरेच्या मैदानावर ठरावयाचें होतें.

शेलबर्नच्या लोकांनीं यापूर्वींचा किताब २००६ सालीं पाहिला होता. त्याचा आनंद ओसरण्याच्या आंत क्लबच्या तिजोरींत खडखडाट असल्याचें उघड झालें आणि विजेत्या संघाला पुढल्याच मोसमांत खालच्या वर्गांत ढकलण्यांत आलें. तेथून तो वर आला, घसरला, पुन्हां वर आला, पुन्हां घसरला. मधल्या काळांत ड्रमकॉन्ड्रा भागांतील त्यांचें टोल्का पार्क हें मैदान विकून तेथें घरें बांधण्याचा बेत शिजला. २०२१ सालीं पाठीराख्यांनीं मैदान वांचविण्याची चळवळ उभारली, शेजारच्या रहिवाशांनाही बरोबर घेतलें, आणि महापालिकेला मन बदलणें भाग पाडलें. या अठरा वर्षांत त्यांना खरा दिलासा दिला तो त्यांच्या स्त्रियांच्या संघानें. २०२१ आणि २०२२ असे दोन्हीं वर्षीं स्त्रियांच्या लीगचा किताब शेलबर्नकडे होता. पुरुषांचा संघ सुधारला तो डेमियन डफ आल्यावर. हा डब्लिनचाच मुलगा. आयर्लंडकडून शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला, चेल्सीबरोबर इंग्लंडचा किताब दोनदां मिळविलेला. २०२१ च्या अखेरीस त्यानें हा गरीब संघ हातीं घेतला.

प्रतिस्पर्धी रोव्हर्सचे लोक कांहीं सुखवस्तु घरचे लाडावलेले नव्हते, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. मिलटाउन येथील त्यांचें मैदान १९८७ सालीं, संघ लागोपाठ चौथ्यांदा विजेता ठरला त्याच वर्षीं, मालकांनीं विकावयास काढलें. पाठीराख्यांनीं फाटकापाशीं निदर्शनें केलीं आणि संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळूं लागला तेव्हां त्या सामन्यांवर बहिष्कार घातला. आपल्याच संघाचा सामना न पाहणें हें उपोषण काय कमी कडक! तरी मैदान गेलें. आज तेथें घरें आहेत. संघ मग बावीस वर्षें या मैदानावरून त्या मैदानावर बिऱ्हाड हलवीत राहिला. २००५ सालीं कर्जापायीं न्यायालयाच्या आश्रयाला जाण्याची पाळी आली, तेव्हां पाठीराख्यांनींच वर्गणी जमवून क्लब ताब्यांत घेतला. २००९ सालीं टॅला येथें त्यांना हक्काचें घर मिळालें. २०२० ते २०२३ असे चार किताब त्यांनीं पुन्हां ओळीनें जिंकले. पांच ओळीनें आजवर कोणीच जिंकले नव्हते, आणि तो विक्रम या रात्रीं हाताच्या अंतरावर होता.

दोन मैदानांवर एक निकाल अडकलेला असला म्हणजे पाठीराख्याची अवस्था चमत्कारिक होते. डोळे समोरच्या चेंडूवर, कान शंभर मैलांवर. रोव्हर्सनीं आपलें काम चोख केलें. वॉटरफर्डला २–१ असें हरविलें. डेरीला मात्र गोल होईना. ऐंशी मिनिटें झालीं, ०–०. हिशेब तसाच राहिला असता तर किताब टॅला सोडून हललाच नसता. आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला हॅरी वूड या शेलबर्नच्या खेळाडूनें चेंडू जाळ्यांत धाडला. उरलेलीं मिनिटें संपलीं, शिटी झाली; शेलबर्न ६३, रोव्हर्स ६१. अठरा वर्षांचा उपास डेरीच्या मैदानावर सुटला.

आमच्या मनांत घोळत राहिली ती टॅला येथील माणसें. त्यांचा संघ हरला नव्हता. डोळ्यांदेखत जिंकला होता, आणि जिंकून किताब घालवून बसला होता. अशा वेळीं टाळी वाजवावी कीं मान खालीं घालावी? नुसता प्रेक्षक असता तर तो खेळ चांगला झाला म्हणून समाधानानें घरीं गेला असता. पाठीराख्याला ती मोकळीक नाहीं. डब्लिनमध्यें संघ निवडला जात नाहीं, तो वारशानें येतो. आजोबा ज्या कठड्याला टेकून उभे राहत तेथें नातू उभा राहतो, आणि कुलदैवत जसें सोयीसाठीं बदलतां येत नाहीं तसा संघही बदलतां येत नाहीं. डॅलीमाउंटचा बोहीमियन्स क्लब तर १८९० पासून सभासदांच्याच मालकीचा आहे. तेथें पाठीराखा हा अक्षरशः घरचा धनी. छप्पर गळूं लागलें तर तें कोणी दुरुस्त करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर तेथें त्याला आरशांत दिसतें.

डेरीच्या लोकांचें दुःख त्या रात्रीं संपलें नाहीं. नऊ दिवसांनीं कपचा अंतिम सामना होता आणि तेथें त्यांची गांठ ड्रॉएडाशीं पडली. ड्रॉएडाचा संघ त्या वर्षीं लीगच्या तळाशीं घुटमळत होता, वरच्या वर्गांतील जागा टिकविण्यासाठीं झगडत होता. त्या संघानें डेरीला २–० असें हरवून कप नेला.

कांहीं वर्षांपासून मात्र या थोड्यांचे थोडे अधिक होऊं लागले आहेत. २०२३ च्या कपच्या अंतिम सामन्यास ४३,८८१ लोक आले होते. अशा सामन्यास इतकी गर्दी पूर्वीं कधींच झाली नव्हती. २०२५ च्या फेब्रुवारींत बोहीमियन्सनीं रोव्हर्सविरुद्ध आपला पहिलाच सामना डब्लिनच्या मोठ्या राष्ट्रीय मैदानावर ठेवला तेव्हां ३३,२०८ तिकिटें खपलीं, हाही लीगचा उच्चांक. इंग्लंडचें वैभव कांहीं कमी झालेलें नाहीं. पण तेथील तिकिटें महाग झालीं आहेत, तेथील मालक तर कोठकोठल्या देशांतले आहेत, आणि येथें मात्र तरुण माणसाला आपल्या गल्लींतला बॅक उद्यां दुकानांत भेटतो. त्या सामन्यांत बोहीमियन्स १–० नें जिंकले आणि रोव्हर्सच्या लोकांना नव्या मोसमाची सुरुवातही खालीं मान घालून करावी लागली.

डफनें २०२५ च्या जूनमध्यें शेलबर्न सोडलें. त्याच वर्षाच्या अखेरीस किताब पुन्हां टॅलाला गेला, आणि बरोबर कपही.