पी वेव्ह शोधणाऱ्या सिस्टर

"भोक बुजवलंय. आता पहिले 72 तास," सर्जन एवढंच म्हणाले आणि जालन्याहून आलेल्या त्या वडिलांचा चेहरा पुन्हा उतरला. ऑपरेशन चांगलं झालं, मग आता भीती कसली? ते समजून घ्यायला परवानगी काढून मुंबईतल्या त्या बालहृदय आयसीयूत मी एक रात्र थांबले.

मुलगी दहा महिन्यांची. अंगणवाडीतल्या तपासणीत तिचा दोष सापडला होता. छातीवर उभी पट्टी, तिच्या खालून निघालेल्या बारीक तारा: उजवीकडच्या तारा हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, डावीकडच्या खालच्या. हृदयाच्या पडद्यातलं भोक बुजवताना टाके पडतात, त्यांना अगदी लागून ठोक्याचा संदेश नेणारा तंतूंचा जुडगा जातो. तो दुखावला, की कधी संदेश अडतो, तर कधी तिथूनच भलते ठोके सुटतात, मिनिटाला 170 च्याही वर.

सिस्टर मुलीच्या पायाचा अंगठा दाबून सोडायच्या आणि गुलाबी रंग कधी परततो ते बघायच्या. रात्रभर, पुन्हा पुन्हा.

पहाटे अडीचला आकडा 188 वर गेला.

"आकडा तापानंही चढतो. मी पी वेव्ह बघते," म्हणत त्यांनी मॉनिटरवर बोट टेकवलं. प्रत्येक उंच टोकाआधी एक छोटा उंचवटा हवा. वरचा कप्पा आधी आकुंचन पावल्याची ती खूण. उंचवटा जागेवर नव्हता. कप्प्यांचा मेळ तुटला, की रक्तदाब घसरतो.

डॉक्टर धावत आले. ठोके वाढवणारं अ‍ॅड्रिनलिन कमी केलं, ठोके आवरणारं अ‍ॅमिओडॅरोन सुरू केलं, गार चादरीनं अंगाचं तापमान 35 अंशांवर आणलं. वेग उतरल्यावर तारांना जोडलेला पेसिंग बॉक्स, म्हणजे बाहेरून ठोका देणारा पेसमेकर, सुरू झाला. 1957 साली मिनीआपोलिसमध्ये अर्ल बाकन यांनी बॅटरीवरचा पेसमेकर बनवला, तो डॉ. लिलेहाय यांच्या अशाच लहानग्या रुग्णांसाठी. वीज गेली तरी ठोका चुकू नये म्हणून.

मॉनिटरवर उंचवटा परतला. सिस्टरांचा हात पुन्हा त्या अंगठ्याकडे गेला.

एका बाळामागे एक सिस्टर, हा खर्च कुणीही कधी कापू नये. आकडा यंत्रानं दाखवला. त्याचा अर्थ त्यांनी लावला.

सहा वाजता वडील काचेपाशी आले.

"सिस्टर, 72 मधले किती झाले?"

"सतरा, दादा."