शेतकऱ्यांचा बाजार आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला

हल्ली पुष्कळ शहरांतून आठवड्याच्या ठराविक वारी एखाद्या पटांगणात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आपण पिशवी घेऊन तिथे जाता, ताजी भाजी बेताच्या भावात मिळते. पण त्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मात्र गिऱ्हाईक फिरकत नाही. तो म्हणतो, “मी जागेचे भाडे भरतो, आणि यांना सरकार जागा मिळवून देते. हा कुठला न्याय?” त्याचा प्रश्न रास्त आहे. तेव्हा जरा शांतपणे विचार करू या.

शेतमालाच्या बाजाराला सरकारी नियम नवे नाहीत. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला समजला जातो. खोटी वजने, रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे भाव आणि पट्टीतून होणारी नाना प्रकारची कपात यांतून शेतकऱ्याला सोडवावे, हा अशा नियंत्रणाचा हेतू. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. त्याने उघड लिलाव आला, परवानेधारक व्यापारी आले. परंतु राखणीसाठी घातलेले कुंपण कधी कधी मालकालाच अडवते, तसे झाले. माल समितीच्या आवारातच विकायचा, म्हणजे आपली आणि शेतकऱ्याची गाठ पडायचीच नाही! अखेर २०१६ साली फळे व भाजीपाला आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने आठवडे बाजारांचे अभियान सुरू झाले.

आता भाजीवाल्याची बाजू. समजा, त्याने अठरा रुपये भावाने वीस किलो टोमॅटो आणले, म्हणजे तीनशे साठ रुपये झाले. त्यांतले दोन किलो दबलेले निघाले, तर उरलेल्या अठरा किलोंची किंमत किलोला वीस रुपये पडली. भाडे, गाडीखर्च आणि त्याची स्वतःची मजुरी अजून बाकीच आहे. शिवाय तो रोज हजर असतो, पावशेर भाजीही देतो, अडीनडीला उधारीसुद्धा ठेवतो. ही सेवा शेतकरी देऊ शकत नाही. त्याला संध्याकाळच्या आत घर गाठायचे असते. शेत वाट पाहत असते.

म्हणून दोघांतला सामना बरोबरीचा ठेवणे हे नियमांचे काम. तामिळनाडूत मदुराईला १९९९ साली ‘उळवर संदै’ सुरू झाली. आंध्रातली ‘रयतु बाजार’ योजनाही त्याच वर्षाची. तिथे शेतकऱ्याला छायाचित्राचे ओळखपत्र देतात, आणि त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहितात. तो भाव घाऊकपेक्षा चढा आणि किरकोळपेक्षा उतरता असा बेताने धरायचा. फार उतरवला तर शेतकरी पुन्हा आडत्याच्या दारी जातो. फार चढवला तर गिऱ्हाईक पाठ फिरवते.

खरी गोम ओळखपत्रात आहे. शेतकऱ्याच्या नावावर व्यापारीच गाळ्यात बसला, तर सारा हिशेब फिसकटतो. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळत नाहीत, आणि भाडे भरणाऱ्या भाजीवाल्याचा धंदा मात्र विनाकारण बुडतो. सवलत शेतकऱ्यासाठी आहे. ती दुसऱ्याने लाटली की भाजीवाल्याची तक्रार शंभर टक्के खरी ठरते.

यात आपणही थोडे लक्ष घालावे. बाजारात गेल्यावर सहज विचारा, “दादा, गाव कुठलं? आणखी काय लावलंय?” एकाच गाळ्यावर कोबी, सफरचंद आणि हिमाचलचा मटार दिसला, तर तो माल एका शेतातला नाही हे उघड आहे. काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का, तेही पाहा. मग काटा शेतकऱ्याचा असो वा भाजीवाल्याचा. आठवड्याची मोठी खरेदी शेतकऱ्याकडून करा, आणि मधल्या दिवशी कोथिंबिरीची जुडी लागली, तर कोपऱ्यावर जायला संकोचू नका. नियम नीट पाळले गेले, तर या दोघांचेही पोट भरेल, एवढी भाजी आपल्या घराघरांत रोज शिजते.