विश्लेषण : सोल्यांची आमटी थंडीतच का? आणि तिला तिखट कुठले?

थंडी पडली की भिवापूर, उमरेडच्या बाजारात ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात. सोलून काढलेल्या हिरव्या दाण्यांना विदर्भात सोले म्हणतात. सोले, वांगी आणि सांभार (इतरत्र कोथिंबीर) यांची दाट, झणझणीत आमटी पाकिटातल्या ‘व्हेज सूप’पेक्षा कितीतरी पोटभरीची असते.

दिवस मोजकेच का?

तूर जून-जुलैत पेरली जाते आणि शेंगा डिसेंबर-जानेवारीत भरतात. दाणा भरलेला आहे, पण वाळलेला नाही, अशी अवस्था काही आठवडेच टिकते. पुढे दाण्यातील साखर कमी होते, साल चिवट होते आणि ती गोडसर चव जाते.

शेतकऱ्यासाठी हा हिशेबाचा प्रश्न आहे. शेंग हिरवी विकली तर पैसा लगेच हाती येतो. धुवारी आणि शेंग पोखरणाऱ्या अळीची पुढची धास्तीही टळते. पण तोडणीला मजूर लागतात. वाळलेल्या तुरीला केंद्राने 2025-26 साठी क्विंटलमागे 8,000 रुपये हमीभाव जाहीर केला आहे. बाजारात तेवढा मिळेलच, याची खात्री मात्र नसते.

आमटी कशी करतात?

चौघांसाठी दोन वाट्या सोले पुरतात. ते थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परतावेत. ही पायरी टाळली तर आमटीला कच्चा, हिरवट वास राहतो. अर्धे सोले जाडसर वाटावेत, बारीक पेस्ट नको. तेलात जिरे, ठेचलेला लसूण, आले आणि कांदा लालसर झाल्यावर आच कमी करून हळद व तिखट घालावे. लगेच वांग्याच्या फोडी, हवा असल्यास बटाटा, उरलेले सोले आणि वाटण घालून गरम पाणी ओतावे. वांगी मऊ झाली की मीठ आणि भरपूर सांभार.

तिखट तेलातच का, तर मिरचीचा जाळ ज्यामुळे लागतो ते कॅप्सेसिन आणि तिचे लाल रंगद्रव्य पाण्यात नव्हे, तेलात उतरते. तेल फार तापले, तर मात्र रंग काळपटतो.

सोल्यांऐवजी राजमा वापरणार असाल तर सावध. तो रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळावाच लागतो. अर्धकच्च्या राजम्यातील लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर नुसता गरम ठेवून ते नष्ट होत नाही.

भिवापुरी तिखट म्हणजे कुठले?

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. 1999 च्या कायद्यानुसार हे नाव नोंदणीतील भागात पिकलेल्या मालालाच लावता येते. नोंदणी 10 वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावे लागते. अडचण अशी की भिवापुरात देठ खुडून पोत्यात भरलेली मिरची भिवापुरातच पिकलेली असेल, असे नाही. बाहेरचा मालही इथल्या सातऱ्यांवर येतो. पूड झाल्यावर तर डोळ्यांना फरक कळणे अवघडच. अस्सल माल पिकवणाऱ्याला नावाचा भाव मिळाला नाही, तर तो संकरित वाणाकडे किंवा सोयाबीनकडे का वळणार नाही? त्यामुळे शक्यतो शेतकऱ्याकडून अख्खी वाळलेली मिरची घ्यावी आणि चक्कीवर समोर दळून आणावी.

आमटी दुसऱ्या दिवशी घट्ट होते. गार पाणी न घालता उकळते पाणी घालून ती सैल करावी आणि ज्वारीच्या भाकरीत कुस्करून खावी.