क्वीन, पाचगणी आणि पाच जणांची भांडणं

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ खरंच ग्रेट, की आपण उगाच डोक्यावर घेतलंय? ऑफिसातला हा वाद मिटवायला आम्ही थेट फ्रेडीच्या गावाला निघालो. वाद मिटला नाही, पण...

ऑफिसात भांडणाचे विषय ठरलेले असतात. एसीचं टेंपरेचर, कँटीनची भाजी, अप्रेझल. आमच्याकडे त्यात आणखी एक भर आहे. क्वीन!

सुरुवात झाली अ‍ॅन्युअल डेला. बेस्ट टीमचं अ‍ॅवॉर्ड घ्यायला आमची गँग स्टेजवर चढली आणि स्पीकरवर ‘वी विल रॉक यू’ वाजलं. सगळा हॉल धम-धम-टाळी करत होता. आमचा टेस्टिंगवाला मात्र कपाळाला आठ्या घालून उभा. खाली उतरल्यावर म्हणाला, ‘‘बास यार आता! जगातलं सगळ्यात ओव्हररेटेड गाणं आहे हे.’’

झालं. डिझायनर पोरगी खवळली. एचआरवाली मध्ये पडली आणि समेट घडवायच्या ऐवजी तिसरीच बाजू घेऊन बसली. पुढचे चार आठवडे लंच टाइमला दुसरा विषय नाही. शेवटी मीच म्हटलं, फ्रेडी मर्क्युरी शाळेत होता पाचगणीला. पुण्यातून शंभर किलोमीटर. शनिवारी गाडी काढू आणि तिथेच काय तो सोक्षमोक्ष लावू.

गाडीत पाचवी सीट रिकामी होती. अकाउंट्समधले काका आमच्या टेबलाशेजारी रोज मुकाट्याने डबा खायचे. ते एकदम म्हणाले, ‘‘मी आलो तर चालेल का?’’ आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. काका आणि क्वीन?

घाटाआधीचे नियम

कात्रज मागे पडलं आणि नियम ठरले. प्रत्येकाने एक ओव्हररेटेड आणि एक अंडररेटेड गाणं सांगायचं. कारण द्यायचंच. ‘बोअर आहे’ आणि ‘मला आवडतं’ ही कारणं बाद. ज्याची पाळी त्याचा फोन गाडीला जोडायचा.

टेस्टिंगवाला अर्थात पहिला. त्याचं ओव्हररेटेड आपल्याला माहीतच आहे. ‘‘दोन मिनिटांचं गाणं. ड्रम्स नाहीत, बेस नाही. गिटार येते ती शेवटाला. यात बँड कुठाय?’’ त्याचं अंडररेटेड म्हणजे 1974 च्या ‘शिअर हार्ट अ‍ॅटॅक’ अल्बममधलं ‘स्टोन कोल्ड क्रेझी’. सव्वादोन मिनिटांचं, पण असं सुसाट की शिरवळ कधी आलं कळलंच नाही. ‘‘थ्रॅश मेटल जन्माला यायच्या आधीचं आहे हे. मेटॅलिकाने याचं कव्हर केलं आणि त्यावर ग्रॅमी घेतलं. आणि अ‍ॅन्युअल डेला आपण काय वाजवतो? पाय आपटणं!’’

डिझायनरने मागच्या सीटवरून तोफ डागली. ‘‘अरे, पाय आपटणं हाच तर फंडा आहे!’’ तिचं म्हणणं असं. 1977 मध्ये क्वीनच्या एका शोनंतर पब्लिक आपणहून गायला लागलं, बँड स्टेजवर नसताना. ब्रायन मे विचारात पडला. एवढ्या गर्दीत चेंगरून उभ्या असलेल्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. त्यातून हे गाणं निघालं. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत फळ्यांवर पाय आपटून ते रेकॉर्ड केलं, आवाजावर आवाज चढवून हजारो माणसांचा भास उभा केला. ‘‘म्हणजे ड्रम्स तूच आहेस रे. बँड कुठाय काय विचारतोस?’’

टेस्टिंगवाला गप्प बसला. पण हार मानली नाही, फक्त आवाज वाढवला.

‘ओव्हररेटेड’ म्हणजे नेमकं काय?

खंबाटकीच्या चढावर एचआरवालीची पाळी. ‘‘डोन्ट स्टॉप मी नाऊ. जिममध्ये तेच, संगीतला तेच, जाहिरातीत तेच. डोक्यात जातं!’’

इथे जरा थांबूया. कारण या गाण्याची गोष्ट सॉलिड आहे. 1979 मध्ये ते सिंगल म्हणून आलं तेव्हा ब्रिटनमध्ये नवव्या नंबरपर्यंत गेलं आणि अमेरिकेत 86 व्या नंबरवरच आटोपलं. खुद्द ब्रायन मेला ते तेव्हा पचायला जड गेलं होतं. फ्रेडीचं त्या काळातलं बेफाम जगणं त्यात होतं आणि त्याची त्याला काळजी वाटायची. मग 2004 मध्ये ‘शॉन ऑफ द डेड’ या झॉम्बी कॉमेडीत ते वाजलं आणि नव्या पिढीने उचलून धरलं. म्हणजे आज जे ओव्हररेटेड वाटतं, ते पंचवीस वर्षं चक्क अंडररेटेड होतं!

हे मी सांगितलं तर एचआरवाली म्हणते, ‘‘म्हणजे गाणं तेच, आपले कानच बदलतात.’’ सुरूर फाट्यापर्यंत मग कोणी बोललं नाही.

तिचं अंडररेटेड होतं ‘थर्टी नाइन’. ब्रायन मेने लिहिलेलं आणि गायलेलं, ऐकायला साधं लोकगीतासारखं. पण गोष्ट ऐका. काही जण अंतराळ प्रवासाला निघतात. त्यांच्यासाठी एकच वर्ष सरतं, परत येतात तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली, घरची माणसं गेलेली. आइनस्टाइनची रिलेटिव्हिटी हो! हाच ब्रायन मे बँडपायी अर्धवट सोडलेली पीएचडी पुरी करायला पुन्हा कॉलेजात गेला आणि 2007 मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजातून खगोलभौतिकीत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. एचआरवालीचा नवरा दोन वर्षांसाठी सिंगापूरला आहे. हे गाणं तिला का लागतं, ते आम्ही विचारलं नाही.

देवाला हात लावला

वाईत मिसळ. आणि मिसळीबरोबर बॉम्ब. डिझायनर म्हणाली, ‘‘माझं ओव्हररेटेड, बोहेमियन ऱ्हॅप्सडी.’’

टेस्टिंगवाल्याच्या हातातला पाव हातातच राहिला. ‘‘अगं, तू शुद्धीवर आहेस ना?’’

आता ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं प्रगतिपुस्तक बघा. 1975 मध्ये आलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं सगळ्यांचं मत. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे नंबर वन. फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 ला गेला, त्यानंतर ते पुन्हा निघालं आणि पुन्हा नंबर वन. मधला तो ऑपेराचा अख्खा कोरस म्हणजे फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर टेलर या तिघांचेच आवाज, एकावर एक रचलेले. 2018 मध्ये याच नावाचा सिनेमा आला आणि रामी मालेकला ऑस्करही देऊन गेला.

‘‘गाणं वाईट आहे असं मी म्हटलंच नाही,’’ डिझायनर शांतपणे म्हणाली. ‘‘पण ते आभाळातून पडलं असं जे बोललं जातं ना, ते ओव्हररेटेड आहे. दीड वर्ष आधी ‘क्वीन टू’ अल्बममध्ये ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ आहे. साडेसहा मिनिटांचं. तेही दर मिनिटाला रूप बदलतं, त्यातही आवाजांचे थरच्या थर. फ्रेडीने आधी तिथे हात साफ करून घेतलाय. ते कोणी ऐकत नाही, आणि ऱ्हॅप्सडीला चमत्कार म्हणतात. चमत्कार नाही, रियाज आहे तो!’’

पटलं राव. टेस्टिंगवाल्यालाही पटलं, कारण त्याने गुपचूप दुसरा पाव मागवला.

एका अल्बमची करामत

पण मुळात आपण हीच गाणी का ऐकतो? माझी थिअरी अशी की याला 1981 चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ जबाबदार. ब्रिटनमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. 2022 मध्ये त्याने तिथे 70 लाखांचा टप्पा ओलांडला. ब्रिटिश आवृत्तीत गाणी सतरा. 1973 च्या पहिल्या अल्बममधलं त्यात एकही नाही. ‘क्वीन टू’मधलं फक्त एक. रॉजर टेलरने लिहिलेलं? शून्य. ज्याच्या घरात क्वीनची एकच कॅसेट किंवा सीडी होती, त्याच्यासाठी क्वीन म्हणजे ही सतरा गाणी. बाकीची आपोआप ‘अंडररेटेड’.

आणि हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही, पैशाचाही आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला रॉजरचं ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ होतं. लोक घेत होते पुढच्या गाण्यासाठी, पण रॉयल्टी दोन्ही बाजूंच्या लेखकांना मिळत होती. त्यावरून बँडमध्ये बरीच वर्षं धुसफूस चालली. शेवटी 1989 च्या ‘द मिरॅकल’पासून त्यांनी ठरवलं, कोणीही लिहो, नाव चौघांचं. अप्रेझलमध्ये ‘टीम एफर्ट’ ऐकून ज्यांचं रक्त उकळतं, त्यांनी यावर जरूर विचार करावा.

म्हणून माझं अंडररेटेड चौथ्या माणसाचं. बेसिस्ट जॉन डीकन, फोटोत नेहमी कोपऱ्यात. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ त्याचंच. पण मी म्हणतोय ते ‘स्प्रेड युवर विंग्ज’. 1978 मध्ये सिंगल निघालं आणि ब्रिटनमध्ये 34 व्या नंबरवर अडकलं. बारमध्ये झाडू मारणारा एक पोरगा. बॉस त्याला सारखं सांगतो की तुझ्यात काही दम नाही. आणि त्याला फक्त इथून निघून जायचंय. रविवारी रात्री अकरा वाजता ऐकून बघा. सोमवारची मीटिंग आठवली नाही तर सांगा.

ओव्हररेटेड? ‘वी आर द चँपियन्स’. प्रत्येक टूर्नामेंटला, अगदी सोसायटीच्या कॅरमलासुद्धा. यावर मात्र गाडीत चौघांनी मला झोडपलं. कारण ऐकूनच घेतलं नाही. चालायचंच.

काकांची पाळी

पसरणी घाट चढून पाचगणीत पोचलो. सेंट पीटर्स स्कूल बाहेरूनच बघितली. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा हा पारशी मुलगा लहानपणी इथे बोर्डिंगला आला. इथेच तो ‘फ्रेडी’ झाला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. फाटकाबाहेर चार सेल्फी झाले. मग टेबल लँडवर जाऊन बसलो. वारा भन्नाट.

‘‘काका, तुमचं राहिलं.’’

काका म्हणाले, ‘‘ओव्हररेटेड माझं काही नाही. अंडररेटेड सांगतो. ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’.’’

1991 च्या ‘इन्युएंडो’ अल्बममधलं गाणं. मुळात रॉजरचं, पण तोवर नाव चौघांचं लागायचं. त्याचा व्हिडिओ त्याच वर्षी मे महिन्यात शूट झाला. कॅमेऱ्यासमोर फ्रेडी उभा राहिला तो शेवटचा. खंगलेला, पण नीट उभा. तो गेल्यावर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा निघालं, तेव्हा जोडीला हेच होतं आणि ब्रिटनमधला पैसा एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेला.

‘‘मी तेव्हा कॉलेजला होतो, हॉस्टेलवर,’’ काका सांगायला लागले. ‘‘रूम पार्टनर क्वीनचा भक्त. पण फक्त सत्तरच्या दशकातल्या. म्हणायचा, 1980 नंतर सिंथेसायझर घेतले आणि संपले. मी ‘इन्युएंडो’ची कॅसेट आणली तर हा लावूच देईना. रोज भांडण. फ्रेडी गेल्याची बातमी आली त्या रात्री त्याने स्वतःच ती कॅसेट लावली. हे गाणं दोनदा ऐकलं आणि म्हणाला, बरं आहे. बस, एवढंच.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, पुढची तीस वर्षं भांडत होतो. आधी पत्रातून, मग फोनवर. तो म्हणायचा ‘बरं आहे’, मी म्हणायचो ‘ग्रेट आहे’. कोरोनात गेला तो, 2021 मध्ये.’’ काकांनी चष्मा पुसला. ‘‘तुम्ही लंचला भांडता ना, मी ऐकत असतो. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी चुकीचं बोलताना ऐकलं की बरं वाटतं.’’

टेस्टिंगवाल्याने फोन पुढे केला. ‘‘काका, लावा.’’

गाणं संपलं. मिनिटभर कोणी बोललं नाही. मग टेस्टिंगवाला घसा खाकरून म्हणाला, ‘‘बरं आहे.’’

काका खो-खो हसले आणि ताडकन म्हणाले, ‘‘तुला कळतं काय रे गाण्यातलं?’’ मग जे सुरू झालं ते कात्रज येईपर्यंत थांबलं नाही.

आता सोमवारपासून काकांचा डबा आमच्याच टेबलावर असतो. वाद अजून मिटलेला नाही. आणि सध्या तरी तो मिटवायची आम्हाला काही घाई नाही.

तुमच्या ग्रुपसाठी स्टार्टर लिस्ट

हिट्सच्या पलीकडे जायचंय? मग या वीकेंडला हे लावा.

‘द प्रॉफेट्स साँग’ (1975): ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्याच अल्बममधलं, आठ मिनिटांहून मोठं. मध्यभागी फ्रेडीचा आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनीशी जुगलबंदी करतो. हेडफोन मस्ट.

‘मुस्तफा’ (1978): ‘जॅझ’ अल्बमची सुरुवात. पहिल्यांदा ऐकताना गाणं चुकून दुसरंच लागलं की काय असं वाटेल. चुकलेलं नाही.

‘इन्युएंडो’ (1991): साडेसहा मिनिटांचं असूनही ब्रिटनमध्ये नंबर वन. मध्येच स्पॅनिश ढंगाची गिटार येते, त्यात ‘येस’ बँडचा स्टीव्ह हाऊ पाहुणा आहे.

‘डिलायला’ (1991): फ्रेडीने आपल्या मांजरीवर केलेलं गाणं. अर्धे फॅन्स लाडाने ऐकतात, अर्धे स्किप करतात. ग्रुपमध्ये भांडण पेटत नसेल तर हे लावाच!