‘टिश्यू बनवायचं मशीन’ टिश्यू बनवतच नाही

(एपिसोडमधलं बोलणं थोडं आवरून इथे लिहून काढलंय. प्रवासात ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी.)

आजचा विषय माझ्या मावसभावाने दिलाय. तो पुणतांब्यात असतो, बी.कॉम. झालंय, नोकरी शोधतोय. महिन्यापूर्वी रात्री साडेदहाला त्याने मला एक व्हिडिओ पाठवला. ‘घरबसल्या टिश्यू पेपर बनवा, महिन्याला एवढे एवढे कमवा.’ छोट्याशा खोलीत एक निळं मशीन चालू आहे, एका बाजूने पांढरा मोठा रोल आत जातोय, दुसऱ्या बाजूने घडी घातलेले नॅपकिन बाहेर पडतायत. खाली फोन नंबर. पाठोपाठ याचा मेसेज: “दादा, शिर्डी आपल्यापासून अर्ध्या तासावर. हॉटेलं किती आहेत तिथं! आणि ऊस तर आपल्या दारात. उसाच्या भुश्यापासून कागद होतो ना? घेऊ का मशीन?”

मी म्हटलं, थांब रे, रविवारी बोलू. मग तीन आठवडे मी ऑफिसनंतर हेच वाचत बसलो. मी सॉफ्टवेअरवाला, कागदाशी माझा संबंध डिग्रीच्या सर्टिफिकेटपुरता. पण जे सापडलं ते इतकं भारी निघालं की एपिसोड करावाच लागला.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या व्हिडिओतलं मशीन टिश्यू बनवत नाही, टिश्यूची घडी घालतं. आत जाणारा मोठा रोल, ज्याला धंद्यात जंबो रोल म्हणतात, तो तयार टिश्यूच असतो. मशीनमध्ये तो नक्षीच्या रोलरमधून जातो, त्याला एम्बॉसिंग म्हणतात. मग पट्टीवर घडी पडते, करवत कापते, आणि कोणीतरी मोजून पाकिटात भरतं. यात वाईट काही नाही, हाही धंदाच आहे. पण नॅपकिन मऊ आहे का, तोंड पुसल्यावर त्याचे तुकडे मिशीला चिकटतात का, हे त्या रोलमध्ये आधीच ठरून आलेलं असतं. ते जिथे ठरतं, ती जागा बघू.

कागद बनवणं म्हणजे मुळात पाणी काढणं. टिश्यूच्या मशीनवर जो लगदा सोडतात, त्यात हजार लिटर पाण्याला साधारण दोन किलो तंतू असतात. आपल्या मठ्ठ्यापेक्षाही कितीतरी पातळ. आणि शेवटी रोलमध्ये पाणी उरतं पाच-सहा टक्के. मधलं सगळं पाणी तीन टप्प्यांत जातं: आधी जाळीतून निथळतं, मग दाबून पिळलं जातं, आणि राहिलेलं उष्णतेने उडवावं लागतं. निथळणं जवळपास फुकट, पिळणं स्वस्त, उडवणं महाग. मिलचं वाफेचं आणि गॅसचं बिल या तिसऱ्या टप्प्यात तयार होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हाच बॉटलनेक. (निथळलेलं पाणी फेकत नाहीत बरं का, ते फिरवून परत लगद्यात घेतात. नाहीतर एक मिल अख्ख्या कॅनॉलचं आवर्तन पिऊन टाकेल.)

आता वहीचा कागद सुकवताना तो एकामागून एक अशा पुष्कळ गरम ड्रमवरून फिरवतात. टिश्यूला ते जमत नाही. त्याचं वजन चौरस मीटरला पंधरा-वीस ग्रॅम, वहीच्या कागदाच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढं. ओला असताना एका ड्रमवरून दुसऱ्यावर द्यायला गेलात तर तो मधेच तुटणार. म्हणून एकच प्रचंड ड्रम. त्याचं नाव यांकी ड्रायर.

मोठ्या यांकीचा व्यास साडेपाच मीटरच्या आसपास असतो. एसटीच्या टपावर उभे राहिलात तरी तुमचं डोकं त्याच्या वरच्या टोकाला पोचणार नाही. बाहेरून आरशासारखा घासलेला, आत दाबाखालची वाफ. बाहेरच्या अंगाला त्याच्यावर एक टोप असतो, हूड म्हणतात, तो चारशे-पाचशे अंश सेल्सिअसची हवा कागदावर मारतो. आणि वेग? आधुनिक मशीन मिनिटाला २००० मीटर कागद पळवतं. म्हणजे ताशी १२० किलोमीटर. आपल्या शेजारून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला जी वेगमर्यादा आहे, बरोबर तीच. त्या वेगाला एवढा मोठा ड्रम जवळपास अर्ध्या सेकंदात एक फेरी पूर्ण करतो, आणि कागद त्याच्यावर पूर्ण फेरीसुद्धा नसतो. म्हणजे तुम्ही डोळा मिटून उघडेपर्यंत ओला लगदा कोरडा कागद झालेला असतो.

पण तो अजून टिश्यू नाही. या क्षणी तो पातळ, कडक, पतंगाच्या कागदासारखा आहे आणि ड्रमला घट्ट चिकटलेला आहे. चिकटलेला, कारण मुद्दाम चिकटवलाय. ड्रमवर सतत एक गोंदासारखं रसायन आणि थोडं तेल फवारत असतात. आणि समोर, ड्रमच्या पूर्ण रुंदीवर, एक धातूची पाती टेकवलेली असते. ताशी १२० च्या वेगाने येणारा कागद त्या पात्यावर आपटतो.

तुम्ही गालिच्याचं एक टोक भिंतीकडे ढकलत नेलंत तर तो कसा लाटा-लाटांनी गोळा होतो? तेच इथे घडतं, फक्त लाटा डोळ्यांना जेमतेम दिसतील इतक्या बारीक. तंतूंमधले जोड ठिकठिकाणी सुटतात, कागद फुगतो, लवचिक होतो. याला क्रेपिंग म्हणतात. पुढे रोल गुंडाळणारा भाग मुद्दाम ड्रमपेक्षा पंधरा-वीस टक्के हळू फिरतो, म्हणजे पडलेल्या चुण्या ताणून सपाट होत नाहीत. टिश्यू मऊ लागतो कारण तो हजारो ठिकाणी नीट मोजून मोडलेला असतो. मला हे वाचल्यावर अर्धा तास दुसरं काही सुचलं नाही.

करून बघा. एक टिश्यू घ्या, दोन्ही दिशांनी हलकेच ताणा. एका दिशेने तो रबरासारखा थोडा लांबेल, दुसऱ्या दिशेने पटकन फाटेल. लांबतोय ती मशीनची दिशा. तुम्ही चुण्या उलगडताय.

सगळी कारागिरी त्या गोंदाच्या प्रमाणात आहे. कमी पडला तर कागद पात्यापर्यंत पोचायच्या आत सुटतो आणि चुण्या जाड, खरखरीत पडतात. जास्त झाला तर कागद सुटतच नाही, पातं त्याला फाडतं, भोकं पडतात. पातं स्वतःही झिजतं, त्यामुळे साधं पातं काही तासांनी बदलावं लागतं. सिरॅमिकच्या धारेची पाती आली तेव्हा ती जास्त टिकू लागली, आणि तेवढ्या वेळा मशीन थांबवणं वाचलं. बातमीत येत नाहीत असले शोध, पण मिलवाल्याला विचारा.

यांकीमध्येच झालेली मोठी सुधारणा म्हणजे तो ओतीव लोखंडाऐवजी पोलादाचा झाला. ओतीव लोखंडाला ताण सोसत नाही, म्हणून कवच जाड ठेवावं लागतं, आणि जाड कवचातून उष्णता सावकाश बाहेर येते. पोलाद वेल्डिंग करून पातळ कवच करता येतं. आत आणखी एक अडचण असते: वाफेचं पाणी होतं, आणि ड्रम इतका जोरात फिरतो की ते पाणी आतल्या भिंतीला थराने चिकटून बसतं. पाण्याचा थर म्हणजे उष्णतेच्या वाटेत गोधडी. त्यावर उपाय म्हणून आतून खाचा पाडतात, पाणी खाचेत जमतं आणि बारीक नळ्या ते ओढून बाहेर काढतात. खाचांमधल्या उंचवट्यांवर वाफ थेट धातूला लागते.

दुसरी सुधारणा पिळण्यात. साधा प्रेस म्हणजे दोन रोलर, उसाच्या चरकासारखे. दाब मिळतो तो एका अरुंद रेघेवर, क्षणभर. शू प्रेसमध्ये एक रोलर आतून खोलगट बुटासारख्या आधाराने दाबतात, त्यामुळे दाब रुंद पट्ट्यावर आणि जास्त वेळ मिळतो. हिशेब करून बघा. प्रेसनंतर कागद ४० टक्के कोरडा असेल तर एक किलो तंतूंबरोबर दीड किलो पाणी राहतं. ४५ टक्के कोरडा केला तर सव्वा किलोच्याही खाली येतं. नुसतं पाच टक्के जास्त पिळलं आणि उडवायचं पाणी जवळपास पाचव्या हिश्शाने घटलं. मला या सगळ्यातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, कारण दिसायला काहीच बदललेलं नसतं.

अमेरिकेत वेगळीच वाट निघाली. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने १९५७ मध्ये चार्मिन हा टॉयलेट पेपरवाला ब्रँड विकत घेतला, आणि पुढच्या दशकात कागद न दाबता सुकवायची पद्धत बाजारात आणली. दाबला की कागद चपटा होतो, शोषायची ताकद जाते. म्हणून ओला कागद नक्षीच्या जाळीवर ठेवून त्याच्या आरपार गरम हवा सोडायची. फुगीर, जाड, भरपूर पाणी पिणारा टिश्यू मिळतो. पण जे पाणी स्वस्तात पिळता आलं असतं ते सगळं उष्णतेने उडवायचं, म्हणजे इंधन बेसुमार. माझं वैयक्तिक मत, आपल्याकडे मिसळीचा रस्सा पुसायला याची काही गरज नाही. फोएथ, वाल्मेट अशा मशीन बनवणाऱ्या कंपन्यांनी पुढे मधला मार्ग काढला, नक्षीच्या कापडावर हलका दाब देऊन फुगीरपणाही राखायचा आणि इंधनही वाचवायचं.

आणखी एक घरचा प्रयोग. दोन ग्लास पाणी घ्या. एकात टॉयलेट रोलचा तुकडा, दुसऱ्यात किचन टॉवेलचा. चमच्याने ढवळा. पहिला विरघळल्यासारखा सुटा होईल, दुसरा तसाच राहील. कारण किचन टॉवेलच्या लगद्यात ओला असताना टिकवणारं रेझिन घातलेलं असतं. म्हणूनच किचन टॉवेल किंवा ओले वाइप्स संडासात टाकू नका, पुढे पाइप तुंबतो.

आता मावसभावाचा दुसरा प्रश्न, ऊस. हो, उसाच्या बगॅसपासून कागद होतो. तमिळनाडूतली टीएनपीएल ही सरकारी कंपनी याच पायावर उभी राहिली, उत्तराखंडात लालकुआँला सेंच्युरीची मिल बगॅसचा लगदा करते आणि तिथे टिश्यूही बनतो. गाळलेल्या उसाचा पाव ते तीसेक टक्के भाग बगॅस असतो, आणि आपला अख्खा पट्टा साखर कारखान्यांचा. मग अडतं कुठे?

अडतं ते असं. बगॅसमध्ये तंतूबरोबर भुसभुशीत गर असतो, सुमारे तिसरा हिस्सा. तो आधी झाडून काढला नाही तर जाळीतून पाणीच निथळत नाही. निथळलं नाही तर वर सांगितलेलं सगळं गणित कोसळलं. तंतूही आखूड, एक-दीड मिलिमीटरचे, देवदार-पाइनच्या तंतूंच्या निम्मेच. मऊपणाला आखूड तंतू चांगले, पण ताशी १२० ला न तुटण्यासाठी थोडे लांब तंतू मिसळावे लागतात. त्यात गाळप हंगाम चार-पाच महिने आणि मिल वर्षभर चालणार, म्हणजे बगॅसचे डोंगर ओले ठेवून सांभाळायचे. आणि खरी मेख: कारखान्यात बगॅस वाया जात नाही. तो बॉयलरमध्ये जळतो, त्यावर साखर शिजते, वीज विकली जाते. तुम्ही तो मागितलात तर कारखाना विचारणार, मग मी काय जाळू? टीएनपीएलने याचं उत्तर दिलं ते इंजिनिअरिंगपेक्षा व्यवहाराचं होतं: आम्ही तुम्हाला वाफ देतो, तुम्ही आम्हाला बगॅस द्या. कागदाची मिल साखर कारखान्यासाठी दुसरं इंधन जाळणार, असा करार.

हे लाखांचं काम नाही, त्या खोलीतल्या निळ्या मशीनचं तर नाहीच. रोज हिंजवडीला जाताना थेरगावात डांगे चौक लागतो, तिथेच जवळ पदमजी पेपर मिल आहे, कंपनी १९६४ ची, टिश्यूही बनवते. इतकी वर्षं मी तिच्या बाजूने ट्रॅफिकला शिव्या देत गेलो आणि आत काय चालतं याचा एकदाही विचार केला नव्हता.

रविवारी मावसभावाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे माझा माल चांगला की वाईट, हे रोलवाल्याच्या हातात.” बरोबर. म्हणून आम्ही रोल तपासायची साधी पद्धत ठरवली. तीस बाय तीस सेंटिमीटरचे दहा एकेरी तुकडे कापायचे, म्हणजे ०.९ चौरस मीटर. सोनाराच्या काट्यावर वजन करायचं आणि ०.९ ने भागायचं, की जीएसएम मिळाला. एका विक्रेत्याने १८ सांगितलेला नमुना १४ निघाला. आता जंबो रोल किलोवर मिळतो. १८ च्या रोलमध्ये किलोला अंदाजे ६१७ नॅपकिन बसतात, १४ च्या रोलमध्ये ७९३. कागदावर फायदाच दिसतो, पण हॉटेलवाल्याला ते हातात घेतल्यावर कळतं. आणि पावसाळ्यात रोल दमट असेल तर तुम्ही कागदाच्या भावाने पाणी घेताय, तेही बघायचं.

मशीन त्याने अजून घेतलेलं नाही. आधी तयार नॅपकिन घेऊन शिर्डी रोडवरच्या चार हॉटेलांना पुरवून बघतोय. परवा त्याचा मेसेज आला, एका मालकाने पाकीट फोडून नॅपकिन ताणून बघितला आणि विचारलं, “हा तर्रीत टिकतो का?” मावसभावाने तिथेच वाटीत बुडवून दाखवला. टिकला नाही. दुसऱ्या रोलचा नमुना मागवलाय.