खिशातलं पिस्तूल आणि न्यूटनचा हिशेब

‘पिस्तूल जितकं छोटं, तितकं चालवायला सोपं ना?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. सिनेमा पाहून तसंच वाटतं. खरं मात्र उलट आहे.

मोठ्या लाँचवरून धक्क्यावर उडी मारा, लाँच ढिम्म हलत नाही. छोट्या होडीतून मारा, होडी मागे पळते. गोळी आणि पिस्तुलाचंही तेच. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटली, तर १ किलोचं पिस्तूल सेकंदाला २.८ मीटर वेगाने मागे येतं. (जळालेल्या वायूचा धक्का वेगळाच.) वजन अर्धा किलो केलं की हा वेग ५.६ मीटर होतो आणि मनगटावर येणारी ऊर्जाही दुप्पट. नेमाचंही तसंच: पुढच्या-मागच्या खुणांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असताना १ मिलिमीटरची चूक १० मीटरवर पावणेसात सेंटिमीटरची होते, अंतर १० सेंटिमीटर असेल तर पुरी १० सेंटिमीटरची.

खिशात अडकणारा घोडा ही आणखी एक डोकेदुखी. स्मिथ अँड वेसनने १८८७च्या रिव्हॉल्वरमध्ये तो आतच झाकला आणि मुठीमागे पट्टी बसवली. मूठ आवळल्याशिवाय बार उडत नसे. लोकांनी त्याला ‘लिंबू पिळायचं यंत्र’ असं नाव ठेवलं! पुढे १९२०च्या दशकात कोल्टच्या जॉन हेन्री फिट्झजेराल्डने घोड्याचं टोक तर कापलंच, शिवाय चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागही उडवला. चाप चटकन सापडावा म्हणून. पण मग तो खिशातल्या किल्लीलाही सापडणार, त्याचं काय?

माझा नायक जॉन ब्राउनिंग. बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी त्याने १९०५च्या सुमारास साडेअकरा सेंटिमीटर लांबीचं, जेमतेम ३६७ ग्रॅमचं पिस्तूल घडवलं. त्याचं शहाणपण असं की, पिस्तुलाबरोबर त्याने काडतूसही लहान केलं: ६.३५ मिलिमीटरचं, सव्वातीन ग्रॅमच्या गोळीचं. सेकंदाला २३० मीटरचा वेग धरला, तर पिस्तूल मागे येतं अवघ्या २ मीटर वेगाने. म्हणजे आपल्या किलोभराच्या पिस्तुलापेक्षाही सौम्य. त्या गोळीचा जोर अर्थातच बेताचा. दोन्ही एकदम मिळत नाही, हे त्याने मान्य केलं होतं.

आजच्या जाहिरातींना ते मान्य नाही. अर्ध्या किलोच्या आसपासच्या पिस्तुलात ९ मिलिमीटरचं काडतूस घालायचं आणि मिरवायचा तो फक्त हलकेपणा. वजन छापता, तर मागे येणारा वेगही छापा की! तो काढायला शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.